अरावातील एक छोटा किबुत्झ, कागदावर : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

या प्रकल्पाचा आवाका जाणूनबुजून लहान ठेवला आहे. दक्षिण इस्रायलमधील अरावा खोऱ्यात साठ प्रौढ माणसांची एक सामूहिक शेतवस्ती, म्हणजे एक छोटा किबुत्झ, नेमक्या कोणत्या हिशेबावर तग धरते, हे आकडे मांडून तपासावयाचे आहे. वस्ती कागदावरची असेल. तिचे हवामान, पाणी, पीक आणि वस्तीचे नियम मात्र त्या खोऱ्यात प्रत्यक्ष आढळतात तसेच घ्यावेत, आणि जेथे आम्ही आकडा गृहीत धरू तेथे तो गृहीत आहे हे त्याच रकान्यात लिहावे, असे गटात ठरले.

किबुत्झांविषयीच्या लेखनात दोन सूर वरचेवर ऐकू येतात. एक वाळवंट फुलवल्याचा जयजयकार करतो, दुसरा समाजवादी स्वप्न संपल्याचा शोक करतो. पहिला किबुत्झ, देगानिया, १९१० मध्ये गालिली सरोवराच्या काठी उभा राहिला, आणि तेथे पाणी हाकेच्या अंतरावर होते. समान वाटा, सामाईक भोजनगृह, सर्वसाधारण सभेचा शब्द अखेरचा, ही रीत तेथे घडली आणि मग चार दशकांनी तीच रीत घेऊन माणसे अरावात उतरली. वाळवंटाने त्या रीतीवर कोणती अट लादली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

१९ नोव्हेंबर २०२४

पाण्याच्या उगमाचे पान पूर्ण केले. अरावा ही मृत समुद्रापासून एलातच्या आखातापर्यंत गेलेली, दीडशेहून अधिक किलोमीटर लांबीची सखल पट्टी आहे. तिच्या दक्षिण भागात वर्षाला सरासरी जेमतेम ३० मिलिमीटर पाऊस पडतो, काही वर्षी तेवढाही नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे. १९६४ मध्ये सुरू झालेली इस्रायलची राष्ट्रीय जलवाहिनी या खोऱ्यापर्यंत आलेली नाही. त्यामुळे सारी शेती स्थानिक विहिरींवर चालते. हे पाणी मचूळ असते, आणि नुबियन वालुकाश्म या खोल खडकथरातले पाणी तर मुख्यतः पूर्वीच्या ओल्या काळात साठलेले असल्यामुळे त्याचे आजचे पुनर्भरण फारच अल्प आहे.

खोऱ्यातली पहिली शेती किबुत्झांची, असा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो आणि तो टिकणारा नाही. एव्रोना येथे इस्लामी राजवटीच्या आरंभीच्या शतकांतली शेती होती व तिला भूमिगत कालव्यांनी, म्हणजे कनातींनी, पाणी मिळत असे. आजचा योत्वाता किबुत्झ ज्या झऱ्यापाशी १९५१ मध्ये लष्करी वसाहत म्हणून सुरू झाला व १९५७ मध्ये नागरी झाला, तो झरा बदाऊन लोक ऐन गदयान या नावाने ओळखत. कनातीचा एक गुण आमच्या हिशेबाला उपयोगी आहे: उतारावरून जेवढे पाणी आपोआप वाहील तेवढेच ती देते, त्यामुळे ती भूजलाच्या पातळीखाली हात घालू शकत नाही. पंपाला अशी मर्यादा नसते, ती माणसांनी ठरवावी लागते.

सीमेपलीकडचाही एक भाग या पानावर येतो. २६ ऑक्टोबर १९९४ रोजी इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात याच खोऱ्यात शांतता करार झाला. त्याच्या पाण्यासंबंधीच्या परिशिष्टानुसार जॉर्डनच्या हद्दीत गेलेल्या काही विहिरी वापरण्याची इस्रायलला मुभा राहिली आणि तो उपसा वर्षाला आणखी १ कोटी घनमीटरपर्यंत वाढवता येईल अशी तरतूद झाली. म्हणजे अरावातल्या शेतकऱ्याचे पाणी खडक, पंप आणि करार अशा तिन्हींवर अवलंबून आहे. आमच्या कागदी वस्तीला आम्ही करारापासून दूर ठेवले. तिला स्वतःच्या दोन विहिरी आणि वर्षाला ६ लाख घनमीटरचा कोटा दिला आहे.

२६ नोव्हेंबर २०२४

पीक खजूर, वाण मेजूल. झाडांतील अंतर ९ मीटर धरल्यास हेक्टरी सुमारे १२० झाडे बसतात. भर उन्हाळ्यात दक्षिण अरावातल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला साधारण १ घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी लागते. वाळवंटी झाड म्हणून खजुराला पाणी कमी लागते, ही समजूत येथे लगेच निकालात निघते. खजूर उष्णता आणि क्षार सोसतो, तहान सोसून मात्र तो फळ देत नाही. जुन्या मरुद्यानांत त्याची मुळे भूजलापर्यंत पोचलेली असत, म्हणून तो पाण्याविना जगतो असे दिसत असे.

वर्षाची गरज हेक्टरी २०,००० घनमीटर धरली. तिची फोड पुढच्या नोंदीत येईल. या हिशेबाने ६ लाख घनमीटरचा कोटा ३० हेक्टर बागेला पुरतो. पाण्याच्या रकान्यात सध्या ३० हा आकडा आहे.

४ डिसेंबर २०२४

मिठाचे पान. आतापर्यंतच्या कामातले हे सर्वांत बोधप्रद ठरले, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता ३ डेसीसीमेन्स प्रति मीटर धरली आहे. ढोबळ रूपांतराने याचा अर्थ लिटरमागे सुमारे १.९ ग्रॅम क्षार. झाड पाणी घेते आणि क्षार बहुतांशी मातीत सोडते. हेक्टरी २०,००० घनमीटर पाण्याबरोबर वर्षाला ३८ टनांहून अधिक क्षार जमिनीत उतरतात. २० हेक्टरची बाग असेल तर वर्षाला साडेसातशे टनांहून अधिक. दुसऱ्या बाजूला, वर्षभराचा ३० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी अवघे ३०० घनमीटर. पावसाने क्षार धुऊन जातील, ही पावसाळी प्रदेशातली आशा येथे धरताच येत नाही. म्हणून क्षार धुण्याचे पाणीही विहिरीतूनच काढावे लागते आणि ते स्वतःचे क्षार घेऊनच येते.

खजुराच्या सहनशक्तीचे प्रमाणित आकडे उपलब्ध आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रवाची, वाहकता ४ पर्यंत असेल तर उत्पन्न घटत नाही, त्यापुढे प्रत्येक एककाला ३.६ टक्के घट होते, आणि १८ च्या सुमारास उत्पन्न निम्म्यावर येते. फळझाडांत इतकी सहनशीलता दुर्मीळ आहे. मातीतली वाहकता ४ वर राखावयाची असेल तर प्रचलित सूत्राने दिलेल्या पाण्यापैकी सुमारे १८ टक्के पाणी मुळांच्या थराखाली जाऊ द्यावे लागते. झाडाची निव्वळ गरज हेक्टरी १६,५०० घनमीटर धरली तर एकूण आकडा २०,००० होतो, आणि मागच्या नोंदीतला आकडा असा आला आहे. त्यातले ३,५०० घनमीटर पाणी झाडासाठी नसून मिठासाठी आहे.

आता निवड. वाहकता ६.८ पर्यंत चढू दिली तर उत्पन्न १० टक्क्यांनी घटते, पण धुण्याचे पाणी १० टक्क्यांच्या खाली येते आणि एकूण गरज हेक्टरी सुमारे १८,३०० घनमीटर होते. कोट्यातल्या पाण्यावर ३० ऐवजी जवळजवळ ३३ हेक्टर बसतात. गटातील जलविज्ञानाची बाजू पाहणाऱ्या सहकाऱ्यांना हा सौदा पसंत होता. मला तो पसंत नव्हता, आणि कारण पाण्याचे नव्हते: झाडे १० टक्क्यांनी वाढली आणि दर झाडाचे फळ तेवढेच घटले, तर एकूण खजूर तेवढाच राहतो आणि चढण्याची झाडे मात्र वाढतात. हाताच्या कामाचा हिशेब अजून मांडला नसला तरी त्याची सावली या पानावर पडलेली आहे. चर्चेअंती ४ हीच मर्यादा कायम ठेवली.

९ डिसेंबर २०२४

ठिबकाबाबत एक टीप जोडली. ठिबक सिंचनात क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला ढकलले जातात आणि झाडाची मुळे मधल्या गोड्या भागात सुखरूप राहतात. हलका पाऊस पडला की कडेचे हे क्षार परत आत, मुळांकडे सरकतात. म्हणून अशा भागांत पाऊस सुरू असताना ठिबकही सुरू ठेवतात. पावसात बागेला पाणी देणारा शेतकरी परक्याला वेडा वाटेल.

१७ डिसेंबर २०२४

फुटव्यांचे पान लहान असले तरी कर्जाच्या पानासाठी लागणार आहे. मेजूल मूळचा मोरोक्कोचा. तेथे बायूद या बुरशीजन्य रोगाने बागा उद्ध्वस्त होत असताना १९२७ मध्ये ११ फुटवे अमेरिकेत नेले गेले, नेवाडात विलगीकरणात त्यांपैकी ९ जगले, आणि कॅलिफोर्नियातील मेजूलचा विस्तार त्यांच्यापासून झाला. इस्रायलमध्ये हा वाण कॅलिफोर्नियाहून आला. खजूर बियांपासून लावला तर नर निघेल की मादी हे सांगता येत नाही आणि फळाचा गुणही टिकत नाही, म्हणून फुटवा किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेले रोप लावतात. लावल्यापासून पहिले जेमतेम फळ यायला चार-पाच वर्षे आणि पूर्ण बहर यायला दहाच्या आसपास वर्षे जातात.

बियांवरून विषय निघालाच आहे तर एक अवांतर: मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये केतुरा किबुत्झात लावले आणि ते उगवले. त्या झाडाला मेथुशेला हे नाव दिले. झाड नर निघाले. पुढे इतर प्राचीन बियांपासून मादी झाडेही मिळाली आणि २०२० मध्ये त्यांतल्या हन्ना नावाच्या झाडाला मेथुशेलाच्या परागांपासून फळे धरली. आमच्या कोष्टकात याला जागा नाही, तरी हे लिहिल्यावाचून पुढे जाववले नाही.

३० डिसेंबर २०२४

हातांचे पान सुरू केले. वस्तीत ६० प्रौढ आणि ४० मुले गृहीत धरली आहेत. ६० पैकी स्वयंपाकघर व भोजनगृह, धुलाई, मुलांचे संगोपन, शिक्षण, दवाखाना, दुरुस्ती, कार्यालय, आजारपण, वार्धक्य आणि लष्करी राखीव सेवा मिळून ३५ जण गुंततात असे धरले. उत्पादनाला २५ उरतात. हिशेब पाहणाऱ्या सहकारी बाईंना हे प्रमाण फार उधळे वाटले. परंतु किबुत्झात स्वयंपाक, धुणी आणि मुले ही घरातली कामे वस्तीच्या खात्यावर नोंदली जातात, म्हणून ती मोठी दिसतात. स्वतंत्र कुटुंबांच्या गावातही तेवढेच तास खर्च होतात, मात्र ते कोणत्याही वहीत चढत नाहीत.

याच जागी मुलांच्या घराची गोष्ट येते. पूर्वी किबुत्झांतील मुले रात्री आईवडिलांकडे न झोपता बालगृहात झोपत. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही पद्धत जवळपास सर्वत्र संपली. तिच्या बऱ्यावाईटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या कोष्टकाच्या दृष्टीने एवढेच दिसते की मुले घरी आली तेव्हा संगोपनाचे काही तास वस्तीच्या वहीतून निघून आईबापांच्या, आणि बहुतेक वेळा आईच्या, संध्याकाळीत गेले. कागदावर हात वाचले असे दिसले, प्रत्यक्षात वाचले नाहीत. आमच्या नमुन्यात हे तास संगोपनाच्या रकान्यातच ठेवले आहेत.

८ जानेवारी २०२५

खजुराच्या झाडाला वर्षभरात हातांची किती गरज लागते, हे मांडले. फेब्रुवारीपासून काटे काढणे आणि परागीकरण: नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने आणि बागेत नर मोजकेच ठेवत असल्याने पराग माणसालाच नेऊन घालावे लागतात. मग एप्रिल-मेच्या सुमारास विरळणी, ज्यात घडातली बरीचशी कोवळी फळे काढून टाकावी लागतात, कारण ती सर्व ठेवली तर मेजूल आकाराने मेजूल राहत नाही. नंतर घड बांधणे, जाळीच्या पिशव्या चढवणे, आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी. एका घडातली फळेही एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा जावे लागते. बरीचशी कामे हायड्रॉलिक मचाणावरून, जमिनीपासून कित्येक मीटर उंचावर होतात.

झाडामागे वर्षाला ६ तास गृहीत धरले, त्यात विरळणीचे दीड आणि तोडणीचे अडीच. नमुन्यादाखल २० हेक्टरची बाग घेतली तर २,४०० झाडे आणि वर्षाला १४,४०० तास. उत्पादनातल्या २५ जणांचे वर्षाचे तास ५०,००० आहेत. वरवर पाहता हाताचा तुटवडा कोठेच नाही.

तुटवडा पंचांगात आहे. विरळणीचे ३,६०० तास ३० कामाच्या दिवसांत बसवावयाचे तर रोज १५ माणसे हवीत. तोडणीचे ६,००० तास सहा आठवड्यांच्या ३६ कामाच्या दिवसांत, रोज ८ तासांप्रमाणे, बसवावयाचे तर रोज २१ माणसे हवीत. २५ पैकी २१ एकट्या बागेत. उरलेल्या चौघांनी बाकीचे सारे उत्पादन सांभाळावयाचे. पिकलेले फळ सर्वसाधारण सभेच्या पुढील बैठकीची वाट पाहत नाही.

१५ जानेवारी २०२५

गोठा मांडला आणि हिशेब आणखी आवळला गेला. अरावातल्या किबुत्झांमध्ये दुग्धव्यवसाय मुरलेला आहे. योत्वाताची डेअरी तर देशभर नाव मिळवून आहे. भर वाळवंटात दूध हा उफराटा उद्योग वाटतो. पण पंखे आणि फवारे लावून गायी थंड ठेवता येतात, शेणापासून खत मिळते, आणि मुख्य म्हणजे दुधाचा पैसा रोज येतो. आमच्या गोठ्यात २०० गायी, दिवसातून तीन वेळा धार, आणि त्यासाठी रोज ८ माणसे गृहीत धरली.

गाय शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, पाळत नाही. सात दिवसांच्या आठवड्यात ८ जागा म्हणजे ५६ माणूस-दिवस. २५ माणसे आठवड्यात सहा दिवस काम करतात, म्हणजे १५० माणूस-दिवस. गोठा वजा जाता ९४ उरतात. तोडणीच्या सहा आठवड्यांत या ९४ मधून साधारण ४,५०० तास निघतात, आणि तेवढ्या तासांत १,८०० झाडे, म्हणजे १५ हेक्टर उतरवता येतात. विहीर ३० हेक्टर देते, हात १५ देतात.

या क्षणापासून प्रकल्पाचा रोख बदलला असे मी मानतो. आम्ही पाण्याच्या शीटवर सर्वाधिक वेळ घालवला होता, कारण वाळवंट म्हटले की पाणी आधी सुचते. प्रत्यक्षात वस्तीची मर्यादा सप्टेंबर महिन्यातल्या हातांनी आखली जाते.

२१ जानेवारी २०२५

हात वाढवण्याचे मार्ग तपासले. गोठा बंद केला तर २५ च्या २५ जण बागेत येतात, तोडणीत ७,२०० तास मिळतात आणि २४ हेक्टर निभावतात. परंतु मग डिसेंबर-जानेवारीत काय? २४ हेक्टर बागेचे वर्षाचे काम साधारण १७,३०० तास आहे, म्हणजे ५०,००० पैकी दोन-तृतीयांश तास रिकामे. हिवाळी भाजीपाला ही पोकळी काही प्रमाणात भरतो. अरावात मिरची, टोमॅटो, खरबूज अशी पिके थंडीच्या महिन्यांत घेतात आणि बाजारात त्या वेळी त्यांना भाव असतो. मात्र भाजीची काढणी लांबली की ती फेब्रुवारी-मार्चमधल्या परागीकरणावर चढते.

दुसरा मार्ग गियूस. गियूस म्हणजे सर्वांना बागेत बोलावणे. कार्यालयातला हिशेबनीस, शिक्षिका, सुतार, सारे काही आठवडे मचाणावर. सेवांमध्ये गुंतलेल्या ३५ जणांपैकी ९ जण असे मोकळे होऊ शकतात, असे गृहीत धरले. हे ९ जण आल्यावर, गोठा चालू ठेवूनही, बाग सुमारे २४ हेक्टरपर्यंत पोचते. गोठा बंद करूनही नेमकी तेवढीच बाग झाली होती. म्हणजे २०० गायी आणि कार्यालयाला लागणारे कुलूप यांचे वजन या कोष्टकात सारखे आहे. जवळपास दर माणसामागे एक हेक्टर. हे ९ हेक्टर विहिरीत नाहीत, बँकेत नाहीत, ते सभेच्या ठरावात आहेत.

तिसरा मार्ग बाहेरचे हात. मोलाने माणसे लावणे किबुत्झाच्या मूळ तत्त्वात बसत नाही, कारण त्याने सभासद मालक होतो. १९६७ च्या युद्धानंतर परदेशी स्वयंसेवक मोठ्या संख्येने येऊ लागले आणि तत्त्वाला धक्का न लावता काही हात मिळाले. १९९० च्या दशकापासून इस्रायलच्या शेतीत थायलंडचे कामगार आले आणि अरावात आज त्यांच्यावाचून मोठी बाग चालवणे अवघड झाले आहे. ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात थाई कामगारही मारले गेले, काही ओलीस नेले गेले, हजारो मायदेशी परतले, आणि उसन्या हातांवरची शेती किती उघडी असते हे साऱ्या देशाने पाहिले. आमच्या शीटमध्ये बाहेरच्या हातांचा रकाना ठेवला आहे, परंतु त्यात शून्य भरले आहे. तेथे कोणताही मोठा आकडा टाकला की बाग सरळ ३० हेक्टरवर जाते आणि आपण ज्या वस्तीचा अभ्यास करीत आहोत तिच्याविषयी कोष्टक काहीच सांगेनासे होते.

३ फेब्रुवारी २०२५

आमच्या नमुन्यात काम वाटणारा एक पदाधिकारी गृहीत आहे. किबुत्झांत त्याला सदरान अवोदा म्हणतात, आणि कोणी कोठे कधी जावयाचे याची यादी तो लावतो. गटातील एका तरुण सहकाऱ्याने सामार किबुत्झाकडे लक्ष वेधले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या किबुत्झात कामाची सक्तीची यादी नाही. कोणते काम करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. पैशाचेही तसेच, पूर्वी सामाईक पेटीतून ज्याला लागतील तितके पैसे घेता येत. सामारची बाग सेंद्रिय खजुराची आहे आणि वस्ती आजही उभी आहे.

हे नमुन्यात कसे दाखवावे यावर बराच वाद झाला. यादी नसेल तर २१ माणसे मचाणावर येतीलच याची हमी कोणती, असा एका बाजूचा प्रश्न. माझे उत्तर असे की यादी असतानाही ती हमी नसते. यादी कोणाला कोठे पाठवावयाचे एवढे सांगते, गेलेला माणूस दिवसाला किती झाडे उतरवील हे सांगत नाही. लहान वस्तीत शेजारी पाहतो आहे, ही जाणीव यादीइतकीच काम करते. साठ जणांच्या वस्तीत ती टिकते. सहाशे जणांत टिकेल असे मला वाटत नाही.

नेओत स्मादार हे दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शिझाफोन नावाचा किबुत्झ ओस पडला आणि त्याच जागी १९८९ मध्ये दुसऱ्या एका गटाने नेओत स्मादार वसवले. द्राक्षे, ऑलिव्ह आणि इतर फळझाडे, शेळ्या, सेंद्रिय शेती, आणि सभासदांनी स्वतः बांधलेले, उंच शीतन-मनोऱ्याचे कलाकेंद्र असा त्यांचा पसारा आहे. जमीन तीच, पाऊस तोच. निव्वळ पाण्याच्या कोष्टकाला एक वस्ती उठली आणि दुसरी टिकली यांतला फरक दाखवता येणार नाही.

११ फेब्रुवारी २०२५

कर्जाचे पान. चलन न वापरता एककांत मांडले, कारण शेकेलचे जुने-नवे हिशेब वाचकाला गोंधळात टाकतात. बाग उभारणीला १०० एकके कर्ज घेतले आणि पहिली पाच वर्षे काहीच फेडता आले नाही, तर ५ टक्के दराने ते १२८ होते, १० टक्के दराने १६१. भाजीपाला लावणाऱ्याला पहिल्याच हंगामात पैसा दिसतो, खजूर लावणाऱ्याला दिसत नाही. झाड संथ आणि व्याज जलद, ही फळबागेची सर्वत्रची अडचण आहे. वाळवंटात तिच्यात विहीर, नळ्या, मचाणे आणि शीतगृह यांची भर पडते.

याच कारणासाठी १९८० चे दशक विसरता येत नाही. १९८४ मध्ये इस्रायलमधील महागाई ४०० टक्क्यांच्या पुढे गेली, १९८५ मध्ये सरकारने स्थिरीकरणाची योजना लागू केली, आणि महागाई उतरली तरी खरे, म्हणजे महागाई वजा जाता उरणारे, व्याजदर चढल्याने किबुत्झांच्या डोक्यावरची कर्जे असह्य झाली. १९८९ मध्ये सरकार, बँका आणि किबुत्झ संघटना यांच्यात कर्जफेडीचा करार झाला. त्यानंतरच्या वर्षांत बहुसंख्य किबुत्झांनी समान वाट्याऐवजी कामानुसार वेगवेगळे पगार स्वीकारले, आणि २००५ मध्ये कायद्याच्या चौकटीतही सामूहिक किबुत्झ आणि नूतन किबुत्झ असे वेगळे वर्ग आले. दक्षिण अरावातल्या योत्वाता, केतुरा आणि सामार यांनी सामूहिक रीत राखली. ती श्रद्धेने राखली असे म्हणणे सोपे आहे. आमच्या २१ जानेवारीच्या पानावरून मला दुसरे एक कारण दिसते. पगार वेगळे झाले की गियूस महाग होतो. हिशेबनिसाचा दिवस मचाणावर घालवणे तोट्याचे ठरते, आणि ते ९ हेक्टर बाहेरच्या हातांकडे जातात. जेथे बागेचा हंगाम साऱ्या वस्तीच्या हातांवर चालतो, तेथे समान वाटा हा खर्चाचा प्रश्न नसून मजूरपुरवठ्याची व्यवस्था आहे.

हा निष्कर्ष माझा आहे, गटातील दोघे त्याच्याशी पूर्ण सहमत नाहीत.

२० फेब्रुवारी २०२५

सौरऊर्जेचा रकाना जोडला. केतुरात २०११ मध्ये ४.९५ मेगावॅटचे सौर क्षेत्र सुरू झाले. इस्रायलमधील ते पहिले व्यापारी सौर क्षेत्र. त्याने सुमारे ८ हेक्टर जमीन व्यापली. आमच्या वस्तीत तेवढेच क्षेत्र टाकले तर पाण्याच्या रकान्यात जवळपास शून्य पडते आणि हातांच्या रकान्यातही, काचा पुसण्यापलीकडे, फारसे काही पडत नाही. सप्टेंबरशी भांडण नसलेले हे पहिले उत्पन्न.

आकड्यांपुरते हे वरदानच आहे आणि कर्जाचे पान त्याने लगेच सुधारते. सभेपुढे मात्र नवीन प्रकारचा प्रश्न येतो. उत्पन्नाचा मोठा भाग कोणाच्याही हातांवाचून येऊ लागला, तर पहाटे मचाणावर जाण्यासाठी कोणाला कोणत्या शब्दांत बोलवावयाचे, हे कोष्टक सांगत नाही. सौर उत्पन्न आम्ही कर्जफेडीलाच बांधून टाकले, ते माणशी भत्त्यात येऊ दिले नाही. निवड मनाने केलेली आहे, तशी नोंद रकान्यात केली.

२८ फेब्रुवारी २०२५

पंप बंद पडण्याची चाचणी घेतली. दोन विहिरी, प्रत्येकी ताशी ७५ घनमीटर, चोवीस तास चालल्यास दिवसाला ३,६०० घनमीटर. भर उन्हाळ्यातल्या हेक्टरी १२० घनमीटरच्या गरजेने हे बरोबर ३० हेक्टरला पुरते, म्हणजे श्वास घ्यायलाही जागा न ठेवता. एक पंप जुलैत बंद पडला तर १,८०० उरतात. ३० हेक्टरची बाग अशा वेळी निम्म्या पाण्यावर येते आणि तिथली रेताड, खडकाळ माती फार दिवस ओल धरत नाही. २४ हेक्टरच्या बागेला गरजेच्या ६२ टक्के पाणी मिळते, आणि क्षार धुण्याचे पाणी दुरुस्तीपुरते थांबवले तर निव्वळ गरजेच्या ७६ टक्के. १५ हेक्टरची बाग एका विहिरीवर पूर्ण निभावते.

हातांनी घातलेली मर्यादा अशा रीतीने विहिरीलाही सुटीची सोय करून देते. ही सोय आम्ही योजलेली नव्हती.

६ मार्च २०२५

पहिली आवृत्ती आज गटापुढे ठेवली आणि बागेचे क्षेत्र २२ हेक्टर ठरवले. गियूसने २४ निभावतात, पण ९ च्या जागी ७ जणच आले तरी तोडणी अडू नये, असा विचार त्यामागे आहे. गोठा ठेवला. भाजीपाला २ हेक्टरवर आणला आणि त्याची काढणी जानेवारीअखेर संपेल अशी पिके निवडली. क्षारांची मर्यादा ४ वर कायम आहे. वार्षिक कोट्यातले दीड लाखाहून अधिक घनमीटर पाणी यात शिल्लक राहते. भाजीला देऊन उरलेले पाणी न उपसता खडकातच राहू द्यावे असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दोन कामे लिहून ठेवली. वस्तीचे सरासरी वय दर पाच वर्षांनी वाढवून पाहणे, कारण मचाणावर चढणाऱ्या ३४ जणांतले किती जण वीस वर्षांनी चढू शकतील यावर २२ हा आकडा उभा आहे. आणि तांबड्या सोंड्या भुंग्याचा प्रादुर्भाव. खजुराचे खोड आतून पोखरणारी ही कीड इस्रायलमध्ये १९९९ मध्ये आढळली. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी झाड-झाड तपासत फिरणारा माणूस वर्षभर लागतो, आणि तो कोणत्या रकान्यातून काढावयाचा हे पुढील बैठकीत ठरेल.